छबुबाईची फुंकर

“माझ्या घरात मी एकटी हाय. लिव्ह, एक,” असं छबुबाई एकदा म्हणाली होती.

लिहून घेणारी संगीता, गावची आशा सेविका. तिच्या मांडीवर आरोग्य केंद्राचा फॉर्म होता. वर छबुबाईचं नाव, वय अंदाजे बासष्ट, थुंकीत टीबी सापडल्याची तारीख, आणि खाली रुग्णाच्या घरात राहणाऱ्या माणसांसाठी आठ ओळी. जे रुग्णाजवळ राहतात त्यांची तपासणी करायची, पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याला रोग व्हायच्या आधीच गोळ्या सुरू करायच्या, एवढ्यासाठी त्या ओळी होत्या. छबुबाई खोटं बोलली नव्हती. तिचा मुलगा अंगद आणि सून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडत, ते पाऊस पडल्यावर परतत. पत्र्याच्या त्या खोलीत एक चूल, एक अंथरूण आणि एक बाई होती. संगीतानं चौकटीत एकचा आकडा लिहिला, आठ ओळींवर तिरकी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

हे संक्रांतीच्या आठवड्यातलं. त्याच सकाळी छबुबाईनं तीन लेकरं न्हाऊ घातली होती. संगीताला ते ठाऊक होतं. गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

केजपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावाचे तीन तुकडे आहेत. मधे गावठाण, ओढ्यापलीकडं मेंढपाळांची वस्ती, आणि वरच्या रस्त्याला ऊस असलेल्यांचे आखाडे, म्हणजे शेतातली पक्की घरं. तिन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नात जेवतात, निवडणुकीत एकमेकांना हात जोडतात, बाजारच्या दिवशी एका जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसतात. पण एकमेकांच्या घरात आतपर्यंत कुणी जात नाही. आत म्हणजे न्हाणीपर्यंत, बाळंतिणीच्या खाटेपर्यंत. छबुबाई जाई. सहाला वस्तीवरचं लेकरू, सातला गावठाणातलं, मग चालत आखाड्यावर. पायरीवर नाहीतर पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायचं, पाय लांब करायचे आणि लेकरू नडग्यांवर निजवायचं. ज्यांची आडनावं एका लग्नपत्रिकेवर कधी येणार नाहीत अशी लेकरं तासाभराच्या अंतरानं तिच्या पायांवर निजत. मधे तिचे पाय पुरते वाळलेलेही नसत.

कोरोनात गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पुण्याहून आलेली पोरं चौदा दिवस शाळेत झोपली. सख्ख्या बहिणीला भावाच्या दारातून परत पाठवलं गेलं. छबुबाई त्या फांद्यांच्या कडेनं रोज गेली आणि रोज आली. राखणीला बसलेले एकमेकांना म्हणत, “जाऊ दे बे, आजी हाय.” येणाऱ्याजाणाऱ्यांत ती धरली जात नव्हती.

लग्नानंतर बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर, आप्पारावबरोबर, मेंढरांमागं फिरली होती. थंडीत मेंढी व्याली की एखादं कोकरू गार पडून राही. त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढायचा, फडक्यानं अंग घासायचं आणि नाकपुड्यांत फुंकायचं. पुष्कळदा ते मरायचंच. कधी शिंकायचं. एका पहाटे रस्ता ओलांडताना ट्रकनं आप्पारावला आणि अकरा मेंढ्यांना उडवलं. ती गावात परत आली आणि अर्जुनरावांच्या आखाड्यावर गोठ्यातलं शेण काढू लागली.

अर्जुनराव तेव्हा नुकतेच पंचायत समितीवर निवडून आले होते. त्यांची बायको सत्यशीला पहिलटकरीण. जीप यायच्या आत पोरगं झालं, निळसर, न रडणारं. कुणीतरी छबुबाईला शेणाच्या हातांनी आत ओढलं. तिनं हात धुतले आणि कोकराला करायची तेच केलं. पोरगं शिंकलं. त्याचं नाव पप्पू. आता त्याचे दोन टिपर आहेत.

तेव्हापासून गावाला छबुबाईची फुंकर लागली. लेकराचं न्हाणं झालं की ती त्याला उताणं घेई, टाळूवर तेल जिरवी, मग दोन्ही कानांत, दोन्ही नाकपुड्यांत आणि शेवटी उघड्या तोंडावर हळू फुंके. लेकरू श्वास धरी, डोळे मोठे करी आणि रडायचं थांबे. हे पाहायला शेजारच्या बाया उंबऱ्यात थांबत. तीट लावली का विचारावं तसं बाळंतिणीची आई विचारी, “फुंकर घातली का?” सव्वा महिना, रोज. काही घरांत त्याहून जास्त.

यंदा दसऱ्यानंतर तिला खोकला लागला. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची आणि शेपांची धुरी असते, आणि निखाऱ्यावर ओवा तीच टाकी. तेव्हा खोकला धुरीचा, हे तिला पटलं आणि इतरांनाही. चोळी सैल झाली. दिवस कलला की अंग तापू लागलं. ती जात राहिली.

मार्गशीर्षात सत्यशीलाची मुलगी मोहिनी माहेरी बाळंत झाली. मोहिनीलाही छबुबाईनंच न्हाऊ घातलं होतं. आता मोहिनीची मुलगी तिच्या नडग्यांवर होती. दोन्ही बाजूंना पाय फाकून, मुठी आवळून, कोंबडीच्या पिल्लाच्या आवाजात रडणारी.

“आजी, घास जरा जोरात,” पप्पू दारातून म्हणाला. “मामावर गेलीय, काळी.”

“मामावर गेली असती तर दोन साबणं लागली असती,” छबुबाई म्हणाली. “तुला धुताना म्या अर्धा हंडा तेल जिरवलं. तरी तू हा असा.”

“मग पैसं वापस कर की.”

“नीघ इथून. बाळंतिणीच्या खोलीत काय काम हाय तुझं?”

मोहिनी पोटाला पट्टा बांधून हसत होती. हसताना टाके दुखत होते. छबुबाईला मधेच खोकल्याची उबळ आली. तिनं मान वळवली, भिंतीकडं तोंड करून खोकली, मग परत वळली. दोन्ही हात तेलाचे होते. पदर कमरेला खोचलेला. तिनं लेकराच्या नाकात फुंकर घातली. लेकरू गप झालं.

संक्रांतीच्या आधी संगीतानं तिला थुंकीसाठी डबी दिली. चार दिवसांनी गोळ्यांची पाकिटं आणि फॉर्म घेऊन ती पुन्हा आली. एकचा आकडा लिहिला तो याच वेळी. जाताना ती सवयीच्या आवाजात सांगत गेली. गोळ्या सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. माणसांत बसताना तोंडावर पदर घ्यायचा. आणि हे कुणाला सांगायची गरज नाही, मीही सांगणार नाही.

छबुबाईनं सगळं पाळलं. रोग उष्ट्यातून जातो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती पिशवीत आपला स्टीलचा पेला घेऊन निघू लागली. आखाड्यावर चहा आला तेव्हा तिनं कप बाजूला सारला आणि पेला पुढं केला.

“हे काय नवीन, मावशी?” सत्यशीला म्हणाली. “आमचा कप कडू लागायला का?”

“खोकल्याच्या गोळ्या चालू हायेत. लेकराच्या घरात माझं उष्टं नको.”

सत्यशीलाला बरं वाटलं. तिनं त्याच दिवशी जावेला फोनवर सांगितलं की शिकलेल्यांना कळत नाही एवढं ही बाई जपते. टीबी हा शब्द छबुबाईनं काढला नव्हता. सत्यशीलानं विचारलंही नव्हतं.

पदरही तिनं घेतला. जीपमध्ये घेतला, रेशनच्या रांगेत घेतला, मंदिरात मागच्या भिंतीला टेकून बसताना घेतला. कामाला बसताना तो कमरेला खोचावा लागे, नाहीतर पाण्यात भिजे. दिवसभरात तिचं तोंड उघडं असे ते तेवढा वेळ. मोहिनीला सासरी जायची घाई नव्हती, म्हणून तिच्या लेकराचं न्हाणं दोन महिने चाललं. मग तेही थांबलं. खोकला कमी झाला. चोळी पुन्हा अंगाला लागू लागली.

होळीच्या आधीच्या आठवड्यात संगीता रिकामी पाकिटं बघायला आली. उंबऱ्यावर बसून तिनं पाकिटांची भोकं मोजली, कार्डावर खुणा केल्या. मग पाणी मागितलं. छबुबाईनं तिच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या तांब्यातून दिलं.

“मोहिनीचं लेकरू अंबाजोगाईला ॲडमिट हाय, कळलं का मावशी?”

“न्हाई. कावून?”

“बारा दिवस झालं, ताप उतरंना. दूध पिईना. आता तर नुस्तं पडून ऱ्हातंय, डोळंच उघडंना म्हणं. पाठीतलं पाणी काढलंय तपासायला. डॉक्टरनी इचारलं, घरात कुणाला टीबी हाय का, जुना खोकला हाय का. सत्यशीलाकाकी म्हणल्या, घरात कुणालाच न्हाई. एवढं मोठं घर त्यांचं, सगळे धडधाकट. तिथं कुणाला...”

संगीता थांबली. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. तिनं छबुबाईकडं पाहिलं नाही. कार्ड पिशवीत घातलं, पुन्हा बाहेर काढून छबुबाईच्या हातात दिलं, कारण ते रुग्णाकडंच ठेवायचं असतं. “येते मी,” म्हणाली आणि ओढ्याच्या बाजूनं गेली. त्या बाजूला तिचं घर नव्हतं.

छबुबाईला प्रथम एवढंच वाटलं की आपला पेला तर वेगळा होता. तिनं त्या दिवशी भाकरी केली आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेताना तिनं पाकिटाबरोबरचा कागद उलगडला. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर एक चित्र होतं, ते ती दीड महिना रोज पाहत होती. एक माणूस तोंड उघडून खोकतो आहे. त्याच्या तोंडातून ठिपके निघाले आहेत आणि समोरच्या दुसऱ्या माणसाच्या नाकापर्यंत गेले आहेत. तिनं कागद उजेडात धरला. चित्रात ताट नव्हतं. पेला नव्हता. दोन माणसांच्या मधे नुसते ठिपके होते.

तिनं कागदाची घडी घातली. मग बसून राहिली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि पुढं सरकलं. तिला रडू आलं नाही. ती मनात घरं घेऊ लागली, दसऱ्यापासूनची, चालायच्या क्रमानं. वस्तीवरचं पहिलं, मग पिंपळाजवळचं, मग आखाडे. प्रत्येक घरात एक न्हाणी होती आणि न्हाणीत ती होती. सात झाली. पुन्हा पहिल्यापासून घेतली, तरी सातच.

सांगायचं तर डॉक्टरला सांगायला हवं होतं. घरात कुणाला नाही, या उत्तरावर तो थांबलेला होता. हे तिला समजत होतं. सांगितलं की टीबी हा शब्द उघडा पडेल आणि त्यानंतर या गावात कुणी तिच्या पायांवर लेकरू ठेवणार नाही, हेही समजत होतं. सकाळी सहाला उठून ती मग कुठं जाणार होती, हे तिला समजत नव्हतं. तो दिवस गेला.

त्याच्या पुढच्या दिवशी केसरबाई आली. वस्तीवरचीच, तिच्याच वयाची. तिची नातसून करिष्मा आदल्या दिवशी बाळंत झाली होती.

“चल ऊठ, पाणी तापलंय. पोरगी झालीय.”

“माझं पाय धरलेत.”

“पाय?”

“उठवंना.”

“आखाड्यावर जायला बरे चालतेत. तिथं चहा मिळतोय, लुगडं मिळतंय. आमच्याकडं यायचं म्हणलं की धरतेत व्हय?”

छबुबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

“बाई, तुझ्यावाचून का लेकरं आंघोळीची ऱ्हातेत? मी घालते. फुंकाय काय लागतंय, हवाच तर हाय,” असं म्हणून केसरबाई गेली. जाताना तिनं दारातली चप्पल पायानं उडवली. ती छबुबाईची चप्पल होती.

पंचवीस-सव्वीस वर्षांत तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं होतं, आणि तरी सांगितलं काहीच नव्हतं. त्या लेकराला तिनं वाचवलं असेल. आखाड्यावरचं लेकरू अंबाजोगाईला तसंच पडलेलं होतं. तो दिवसही गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं कार्ड, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि तो कागद पिशवीत घातला आणि केजची जीप धरली. केजहून दुसरी. दुसऱ्या जीपमध्ये चौदा माणसं होती. एका बाईनं आपलं वर्षाचं पोरगं, जागा नाही म्हणून, न विचारता छबुबाईच्या मांडीवर ठेवलं. छबुबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं आणि अंबाजोगाई येईपर्यंत वळवलेलं ठेवलं. मान अवघडली.

दवाखाना खाजगी होता, लहान मुलांचा, पहिल्या मजल्यावर. पप्पू जिन्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. तिला पाहून त्यानं फोन खाली घेतला.

“आजी? तू कुणासंगं आलीस?”

“एकलीच. डॉक्टर कुठं हाय?”

“बसलाय आत. काय झालंय तुला? पडलीस का कुठं?” तो दोन पायऱ्या उतरला आणि त्यानं तिचं कोपर धरलं. “लेकरू बघायचं आसंल तर काचंतून बघ. आत सोडत न्हाईत.”

“डॉक्टरला भेटायचंय.”

आत सत्यशीला आणि मोहिनी टेबलासमोर बसल्या होत्या. डॉक्टर तरुण होता, रात्रभर जागलेला दिसत होता. तो त्यांना पुन्हा तेच विचारत होता, नवऱ्याकडच्या घरात, भाड्यानं राहणारं, कुणी नोकर, कुणी ड्रायव्हर. सत्यशीला प्रत्येकाला नाही म्हणत होती. मोहिनीचे केस विंचरलेले नव्हते. छबुबाईला पाहून ती उठली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. छबुबाईनं तिला एका हातानं दूर केलं. पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर पाकिटं ठेवली.

डॉक्टरनं कार्ड वाचलं. तारीख पाहिली.

“तुम्ही बाळाच्या कोण?”

छबुबाईनं सत्यशीलाकडं पाहिलं.

“आमच्या गावच्या मावशी आहेत,” सत्यशीला म्हणाली. “बाळाला न्हाऊ घालायच्या. कावून, काय हाय ते?”

“किती दिवस?”

“दोन महिनं. रोज,” छबुबाई म्हणाली.

“खोकला कधीपासून होता?”

“दसऱ्यापासून.”

“बाळाच्या किती जवळ असायचात?”

तिनं हाताची वीत करून दाखवली. मग ती वीत कमी केली. “नाकात फुंकत होते. तोंडावर बी.”

डॉक्टरनं फोन उचलला, नर्सला औषधांची नावं सांगितली, डोस सांगितला, आत्ता लगेच म्हणाला. फोन ठेवला आणि सत्यशीलाकडं पाहिलं. “मी तुम्हाला चार वेळा विचारलं.”

“तुमी घरातलं इचारलं,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “घरात न्हाईच हो कुणाला.”

पप्पू दाराला टेकून उभा होता. त्याच्या हातातला फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

“अजून कुणाला आंघोळ घातलीत? दसऱ्यानंतर?” डॉक्टरनं विचारलं.

छबुबाईनं सांगितलं. निम्म्या लेकरांची बारशातली नावं तिला आठवत नव्हती, म्हणून तिनं घरं सांगितली, चालायच्या क्रमानं. वस्तीवर सुग्रीवचं. पिंपळाजवळ विठ्ठलरावांचा नातू. त्याच्या मागं राधाकिशनची जुळी. डॉक्टर चिठ्ठीच्या पाठीवर लिहीत गेला. राधाकिशन हे नाव आलं तेव्हा सत्यशीलानं मान वर केली. तिचा भाऊ होता तो. आठवं नाव नव्हतं. डॉक्टरनं खाली रेघ मारली आणि सगळ्यांना उद्याच तपासायला लावतो म्हणाला.

“बाळाचं काय?” मोहिनीनं विचारलं.

“औषध आता बरोबर सुरू होतंय. वाचेल असं धरून चालू. डोळे, हातपाय, ते आज सांगता येणार नाही. या आजारात एकेक दिवस महत्त्वाचा असतो.” तो छबुबाईकडं वळला. “तुम्ही आज आलात ते बरं केलंत.”

मोहिनी छबुबाईकडं बघत होती. रडायची थांबली होती.

“आजी, तुला आजच कळलं का?”

छबुबाईनं टेबलावरचं कार्ड उचललं.

“आज कळलं का, आजी? का आधी कळलं होतं?”

“बोल की,” दारातून पप्पू म्हणाला. “ती काय इचारती?”

छबुबाईनं पाकिटं एकेक करून पिशवीत घातली. पप्पू बाजूला झाला. ती त्याच्या जवळून बाहेर गेली आणि जिना उतरू लागली.